चांगुणाबाईच्या वाट्याचा तुकडा

तेरच्या बौद्धवाड्यात चांगुणाबाई ओळखायला तिचं तोंड दिसायची गरज नव्हती. आवाज खणखणीत, चाल तरातरा, आणि एकदा म्हटलं ते म्हटलं. बहात्तरच्या दुष्काळात तिनं रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. ऊन असं की हातोड्याचा दांडा धरवायचा नाही, आणि पाण्याचा टँकर यायचा तो मुकादमाच्या मर्जीनं. एका दुपारी तिनं हातोडा खाली ठेवला आणि म्हणाली, "पाणी आल्याबिगर दगडाला हात लावायचा न्हाय." सगळ्या बाया बसल्या. जीपमधून साहेब आले. "तुमची पुढारी कोण?" त्यांनी दरडावून विचारलं. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. चांगुणाबाई उठून उभी राहिली आणि म्हणाली, "तहान हाय साहेब. तीच पुढारी."

टँकर रोज यायला लागला.

दुष्काळ सरला, पण खडीनं धरलेली कंबर काही सुटली नाही. बस स्टँडजवळच्या दुकानात दुखण्याच्या गोळ्या मिळायच्या. सकाळी एक गोळी पाण्याबरोबर टाकली की दिवसभर हात चालायचे. ती गोळी तिनं वर्षानुवर्षं खाल्ली. तंबाखू खाणाऱ्याला जसं आपण काही खातोय असं वाटत नाही, तसंच तिचं झालं होतं.

पुढं बायांसाठी कोंबड्या पाळायची सहकारी संस्था निघाली. अध्यक्ष कोण, यावर चर्चाच झाली नाही. वाड्याच्या मागं पत्र्याचं लांबट शेड उभं राहिलं. त्यात पांढऱ्याशुभ्र विलायती कोंबड्या आल्या, आणि चांगुणाबाई अंड्यांचे ट्रे घेऊन एसटीनं धाराशिवला जाऊ लागली. पहिल्या पहिल्यांदा कंडक्टर कुरकुरायचा. पुढं पुढं तोच म्हणायचा, "अध्यक्षीणबाई, पुढची सीट धरून ठेवलीया, अंडी मांडीवर घ्या."

घरात नवरा कोंडिबा, सासू सरुबाई आणि मुलगा बाबू. कोंडिबा साखर कारखान्यावर हंगामी कामाला जायचा. माणूस मऊ, बोलायचा थोडं, पण बोलला तर कामाचं. बाबू दहावी होऊन पाटबंधारे खात्यात चिकटला होता. बाजारच्या दिवशी घरात मटण यायचं. वशाट शिजवावं तर सरुबाईनंच. ज्वारी-बाजरी आणि मसाले भाजून केलेलं काळं येसर ती भगुन्यात सोडायची, तेव्हा वास पार वाड्याच्या तोंडाशी असलेल्या पिंपळापर्यंत जायचा.

वाढायची रीत मात्र ठरलेली. आधी गडीमाणसं. त्यांच्या ताटात तुकडे पडायचे. पाहुणा असला तर त्याला नळी. मग सरुबाई बसायची आणि शेवटी चांगुणाबाई. तोवर भगुन्यात रस्सा उरलेला असायचा, तळाला मानेचं एखादं हाड. यात कुणी वाईट नव्हतं. सरुबाईच्या सासूनंही तसंच वाढलं होतं. आणि खरं सांगायचं तर चांगुणाबाईची तक्रारही नव्हती. परातीत भाकरी कुस्करायची, वर लाल तर्रीचा रस्सा ओतायचा आणि बोटं चाटत खायचं, यापुढं तिला दुसरं काही लागत नव्हतं.

एक्याऐंशीच्या हिवाळ्यात सकाळी उठलं की तिचे डोळे सुजलेले दिसायला लागले. संध्याकाळी चप्पल काढली की पायावर पट्ट्याची खोल खूण उमटलेली असायची. शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं की धाप लागायची. कुणी म्हणालं नजर लागली. कुणी म्हणालं कोंबड्यांच्या खाद्याची धूळ बाधली. चांगुणाबाईनं दोन्ही ऐकून घेतलं आणि अंड्यांचे ट्रे पोचवून धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात जाऊन बसली. तिथल्या डॉक्टरांनी लघवी तपासली, रक्तदाब पाहिला आणि सोलापूरला डॉक्टर हत्तुरेंकडं धाडलं.

कोंडिबा बरोबर गेला. हत्तुरे डॉक्टर वयस्क, शांत. त्यांनी दुखण्याच्या गोळ्यांचं विचारलं, आणि उत्तर ऐकून लेखणी खाली ठेवली.

"बाई, तुमच्या दोन्ही मूत्रपिंडांना इजा झाली आहे. त्या गोळ्या आणि वाढलेला रक्तदाब, दोन्हींनी मिळून केली असणार. गोळी आजपासून बंद. गेलेलं परत येणार नाही, पण राहिलेलं सांभाळता येईल. मीठ अगदी कमी. डाळ, मटण जपून. रक्तदाबाचं औषध चुकवायचं नाही."

कोंडिबानं ते सगळं मनात बांधून आणलं, पण तेरला पोचेपर्यंत गाठोड्यातलं निम्मं वाटेत सांडलं. घरी त्यानं आईला सांगितलं, "मीठ बंद, डाळ बंद, मटण बंद."

सरुबाईनं ते मनावर घेतलं. सून गेली तर घर बसंल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. चांगुणाबाईपुढं नुसता भात यायला लागला, कधी त्यावर दुधी. आठवड्यामागून आठवडे गेले. चांगुणाबाईच्या हाताच्या बांगड्या सैल झाल्या. खाद्याचं पोतं उचलताना गुडघे लटपटायला लागले. शेवटी सरुबाईनं आपला जुना इलाज काढला. बकऱ्याचे पाय आणले, सकाळपासून चुलीवर रटरट शिजवले आणि वाटीभर रस्सा सुनेपुढं ठेवला.

"आत्याबाई, मटण बंद हाय न्हवं?"

"ह्यात मटण कुठंय पोरी? तुकडा हाय का एक तरी? नुसतं पाणी हाय. ह्यानं बाळंतीण उठून बसती. पी गुमान."

चांगुणाबाईलाही ते पटलं. मीठ चिमूटभरच होतं, सासूनं मायेनं केलं होतं, आणि कितीतरी दिवसांनी जिभेला चव मिळाली होती. ती रोज वाटी प्यायला लागली. पंधरवड्यात पाय खांबासारखे झाले आणि दम इतका लागला की बाबूनं तिला उचलूनच एसटीत बसवलं.

हत्तुरे डॉक्टरांनी काय खाल्लं, काय प्यालं ते एकेक करून विचारलं. सगळं ऐकून ते म्हणाले, "बाई, तुम्ही उलटं केलंत. जे थोडं खायचं होतं ते पार सोडलंत, आणि जे सोडायचं होतं ते प्यालात."

काही दिवस तिला दवाखान्यात ठेवून घेतलं. सूज उतरली. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी खिशातून काड्यापेटी काढून टेबलावर ठेवली.

"नीट ऐका. मटण, अंडं, डाळ खाल्ल्यावर रक्तात जो कचरा होतो, तो मूत्रपिंडं गाळतात. तुमची आता कमी गाळतात. म्हणून कचरा कमी करायचा. पण काहीच खाल्लं नाही तर शरीर स्वतःचंच मांस खातं. तुमच्या बांगड्या सैल झाल्या त्या त्यानंच. तेव्हा आठवड्यातून दोनदा एवढा, या काड्यापेटीएवढा मऊ तुकडा खायचा. चरबी काढून. त्या दिवशी डाळ नाही. बाकीच्या दिवशी एका अंड्याचा पांढरा भाग. काळीज नको, सुकट नको, मीठ लावून वाळवलेल्या मांसाच्या चान्या तर मुळीच नकोत. आणि रस्सा नाही. मांसातला आणि मसाल्यातला सगळा क्षार रस्श्यात उतरतो, आणि तुम्हाला पाणीही मोजूनच प्यायचंय."

चांगुणाबाईनं काड्यापेटी हातात घेऊन उलटीपालटी केली. "म्हंजी रस्सा न्हाय, तुकडाच खायचा?"

"तुकडाच."

ती एकदम हसायला लागली. इतकी की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. डॉक्टर चष्म्यावरून बघत राहिले.

"डॉक्टरसाहेब, आमच्यात बाईला रस्सा असतो. तुकडा गड्याला. तुमी तर समदी पंगतच उलटी बसवली!"

डॉक्टरही हसले. "मग घरी सांगा, हे औषध आहे म्हणून. आणि हे माप तुमचं आहे, तुमच्या रक्तावरून काढलेलं. दुसऱ्या कुणाला सांगू नका."

या खेपेला चांगुणाबाईनं सगळं स्वतः ऐकलं होतं. घरी आल्यावर तिनं हातपाय धुतले, सासूला, नवऱ्याला आणि बाबूला समोर बसवलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. पायाच्या रस्श्याचं सांगताना सरुबाईचा चेहरा उतरला.

"म्याच मारत हुते तुला," ती म्हणाली.

"तुमी जगवायला बगत हुता आत्याबाई. रस्त्याची खूण चुकली, येवढंच. आता नीट ऐकून घ्या, तुकडा मी मीठ पडायच्या आदी काढून घेणार. म्हंजी समद्यांच्या आदी जेवणार."

सरुबाईचा हात पदरावरच थांबला. "गड्यांच्या आदी? बाईमाणूस?"

कोंडिबा भिंतीला टेकून बसला होता. तो हळूच म्हणाला, "आई, काई औषदं जेवायच्या आदीच घ्यायची असत्यात की."

सरुबाईनं एक लहान भगुनं काढून सुनेपुढं सरकवलं.

बाजारच्या दिवशी मटण आलं. चांगुणाबाईनं मांडीचा एक तुकडा निवडला, चरबी काढली, लहान भगुन्यात शिजवला आणि ते पाणी मोरीत ओतलं. वर लसूण, जिरं, कोथिंबीर घातली. पहिला घास तोंडात गेला आणि ती थबकली. चिंधी चावल्यासारखं लागलं. तेवढ्यात चुलीवरच्या मोठ्या भगुन्यात येसर पडलं आणि तो वास सगळ्या घरात भरला. दगड फोडताना न रडलेली चांगुणाबाई ताट तसंच ठेवून उठली आणि शेडमध्ये कोंबड्यांत जाऊन उभी राहिली. जीभ अशी पाझरत होती की तिला स्वतःचीच शरम वाटली. थोड्या वेळानं ती परत आली. उरलेला तुकडा चिंधीच समजून चावून खाल्ला.

पण चिंधी जन्मभर चावायची बाई ती नव्हती. पुढच्या खेपेला तिनं शिजलेला तुकडा लसूण आणि वाळल्या मिरचीत घोळवला आणि निखाऱ्यावर भाजला. वर लिंबू पिळलं. धुराची चव लागली, कडा कुरकुरीत झाल्या. मीठ नव्हतं, पण आता ते शोधत बसावं लागत नव्हतं. तिनं तुकड्याच्या बारीक बारीक चिमट्या काढल्या आणि चवीनं, रेंगाळत खाल्ल्या. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की इतकी वर्षं घरात मटण शिजत होतं, पण मांस असं लागतं हे तिला नीटसं माहीतच नव्हतं.

महिन्या-दोन महिन्यांत पोतं उचलायची ताकद पुन्हा हातात आली. फक्त एक गोष्ट खटकत होती. ती जेवायला बसली की सरुबाई दार लोटून घ्यायची. "लोकं काय म्हणत्याल," असं तोंडानं म्हणायची नाही, पण दार लोटायची. चांगुणाबाईला ते दिसायचं. घरातलं घरात आहे, चालू द्या, असं ती मनाशी म्हणायची.

मग बाबूच्या सोयरिकीची गोष्ट निघाली. अणदूरची मुलगी होती, जाई नावाची, सातवी शिकलेली. तिची आई हरणाबाई आणि चुलता घर बघायला येणार होते. हरणाबाई नवरा गेल्यावर मोलमजुरी करून पोरी वाढवलेली बाई, तिची नजर मोठी तिखट, असं सांगणाऱ्यांनी सांगितलं होतं. सरुबाईनं दोन दिवस आधी घर सारवलं. मटण सांगून ठेवलं.

पाहुणे यायच्या सकाळी ती सुनेजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "आजच्या दिस तुझा तुकडा राहू दे पोरी. पाव्हणं गेल्यावर खा. न्हायतर उंद्या खा. सोयरिकीचा मामला हाय."

चांगुणाबाई लसूण सोलत होती. एक दिवस मागंपुढं झाल्यानं आपण मरणार नाही, हे तिला कळत होतं. सासूचं चुकतंय असंही नव्हतं. बाबूला ती मुलगी मनापासून आवडली होती. सोयरीक मोडली तर तो तोंडानं काही म्हणणार नाही, पण मनात ठेवील.

"आत्याबाई," ती म्हणाली, "आज दार लोटलं तर ती पोरगी ह्या घरात येईल ती लोटलेल्या दाराआडच्या घरात येईल. आन् मग तिला बी जलमभर दार लोटत बसावं लागंल. मला त्ये न्हाय करायचं."

"आन् सोयरीक मोडली म्हंजी?"

"मोडली तर आपली नव्हती म्हणायची."

पाहुणे आले. जयभीम झाला, पाणी झालं, मुलाची नोकरी, शेडमधल्या कोंबड्या, सगळं बघून झालं. ताटं मांडली. पाहुण्यांसाठी, कोंडिबासाठी, बाबूसाठी. आणि रांगेच्या शेवटी चांगुणाबाईनं स्वतःचं ताट मांडलं. हरणाबाईला आपल्या शेजारी बसवलं. सरुबाईनं एकदा दाराकडं पाहिलं, आणि वाढलं. पाहुण्यांच्या ताटात लालभडक रस्सा आणि तुकडे, चांगुणाबाईच्या ताटात अर्धी भाकरी, भात आणि भाजलेला एकच तुकडा.

चुलत्यानं खाली मान घालून घास मोडला. हरणाबाईनं मात्र ताटाकडं बघितलं, मग चांगुणाबाईकडं बघितलं.

"इहीणबाई, आमाला रस्सा, आन् तुमाला ह्ये येवढंच? आन् आमच्या पंगतीला बसलाव, ही रीत नवीच दिसती."

बाबूचा घास हातातच राहिला.

"रीत नवीच हाय," चांगुणाबाई म्हणाली. आवाज नेहमीसारखाच, खणखणीत. "मला किडनीचा आजार हाय. दडवत न्हाय, तुमाला पोरगी द्यायचीय तर म्हाईत पायजे. म्या बरी व्हणार न्हाय, पर नीट राहिले तर लई वरसं काम करीन असं डॉक्टर म्हणतो. मला रस्सा बंद हाय, आन् तुकडा येवढा खायचाच हाय. म्हणून म्या गड्यांच्या मागनं बसत न्हाय. शेवटाला बसले तर तुकडा ऱ्हात न्हाय, तुमाला बी ठावं हाय."

हरणाबाईनं आपल्या ताटातला रस्सा बोटानं ढवळला. मग सगळं तोंड उघडून हसली. पुढचा एक दात पडलेला होता.

"म्हंजी आमच्या पोरीला ह्या घरात तुकडा मिळंल म्हणायचा!"

"मिळंल," चांगुणाबाई म्हणाली. "आजारी न पडताच मिळंल."

कोंडिबा पहिल्यांदा मोठ्यानं हसला. चुलत्यानं रस्सा पुन्हा मागितला. सोयरीक त्याच पंगतीत ठरली, आणि नंतर दोन्ही घरची माणसं सांगायची, की देण्याघेण्याची गोष्ट निघायलाच कुणाला वेळ झाला नाही.

उन्हाळ्यात लग्न झालं. जाई आली. ती शांत होती, पण अडून बसायची तर सासूसारखीच. पुढं पाऊस पुन्हा पाठ फिरवायला लागला. शहाऐंशीत तेरणा नदीच्या पात्रात नुसती वाळू होती. कोंबड्यांना खाद्य मिळेना. संस्थेच्या बाया म्हणायला लागल्या, शेड मोडू, पत्रे विकू. चांगुणाबाईनं सभा बोलावली. म्हाताऱ्या, अंडी कमी देणाऱ्या कोंबड्या आधीच मांसासाठी विकून टाकायच्या, बाकीच्या जगवायच्या, असं तिनं पटवून दिलं. मग जाईला बरोबर घेऊन ती खाद्यासाठी धाराशिवच्या कचेरीत इतक्या वेळा जाऊन बसली, की तिथला शिपाई तिच्यासाठी खुर्ची सरकवायला लागला. तीन-चार महिने जड गेले. शेड राहिलं.

सोलापूरची वारी चालूच होती. हत्तुरे डॉक्टर रक्त तपासायचे आणि म्हणायचे, "आहे तिथंच आहे. ही मोठी गोष्ट आहे बाई." रक्तदाबाची गोळी तिनं कधी चुकवली नाही. कधी मन वळवळायचं. यात्रेच्या दिवसांत शेजारून रस्श्याची वाटी यायची, तेव्हा ती जाईला म्हणायची, "ने आत, माज्या नजरंसमोर ठिवू नगंस." गावातला उत्तरेश्वर नावाचा शेतकरी एकदा पायरीशी येऊन उभा राहिला. त्याच्या बायकोचेही पाय सुजत होते. "तुमी काय खाता तेवढं सांगा, तसंच करतो," तो म्हणाला. तिनं त्याला चहा दिला, पण खाणं सांगितलं नाही. "माजं माप माज्या रगताचं हाय. तिला घेऊन उद्याच्या एसटीला या, म्या संगं येते," एवढंच म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी खरंच त्यांच्याबरोबर गेली.

तोवर सरुबाई पार थकली होती. चूल जाईच्या हातात गेली होती. दारही कधीचं उघडं राहायला लागलं होतं. ते लोटायचं कुणी आणि कधी सोडलं, कुणालाच आठवत नव्हतं. बाजारच्या एका दिवशी सगळे एकत्र बसले होते. जाईनं भगुनं पुढं घेतलं आणि म्हातारीला विचारलं, "आजी, तुमाला कोणता तुकडा घालू?"

सरुबाईनं भगुन्यात पाहिलं. मग कोंडिबाकडं पाहिलं, मग सुनेकडं. तिच्या जन्मात हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. मटणाची शेकडो भगुनी तिनं शिजवली होती, कुणाला काय आवडतं ते सगळ्यांचं तिला पाठ होतं. पण स्वतःचं विचारल्यावर तिला उत्तर येईना.

"घाल कोणचा बी," ती पुटपुटली.

"कोणचा बी न्हाय," चांगुणाबाई आपल्या ताटावरून म्हणाली. "सांगा आत्याबाई. घाई न्हाय."

म्हातारी बराच वेळ विचार करत राहिली. मग लाजल्यासारखी हसली, आणि बोट दाखवून म्हणाली, "ती नळी. तिच्यातला मगज मऊ असतो म्हणं."

जाईनं नळी वाढली. सरुबाईनं ती दोन्ही हातांत धरली, ताटावर ठोकली आणि तोंडाला लावून ओढायला लागली. इतक्या मोठ्यानं, की बाबूला हसू आवरेना.